दोन ओळी चालतात का? पुस्तकात गाण्याचे शब्द छापण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीच्या हस्तलिखितात १४ ठिकाणी गाण्यांच्या ओळी आल्या आहेत: नऊ प्रकरणांच्या माथ्यावर आणि पाच मजकुरात, पात्रांच्या तोंडी. प्रत्येक ठिकाणी गीतकाराचं नाव दिलेलं आहे, एकाही ठिकाणी दोनापेक्षा जास्त ओळी नाहीत. प्रकाशक म्हणतो, परवानग्या घेऊन या. लेखकाचं म्हणणं, दोन ओळींना कसली परवानगी?

गाणं अजून कॉपीराइटमध्ये असेल तर दोन ओळींनाही लागते. प्रकरणांच्या माथ्यावरच्या नऊ ठिकाणी परवानगी आणा, नाहीतर ओळी काढा. तिथे तिसरी वाट नाही. पात्रांच्या तोंडच्या पाचांपैकी बहुतेक जागा एकही शब्द न छापता निभावता येतात. कसं ते पुढे येईलच.

‘दोन ओळी चालतात’, ‘चार ओळींपर्यंत सूट आहे’, ‘दहा टक्क्यांच्या आत असलं की झालं’ ही सगळी ऐकीव माहिती. असा आकडा ना भारताच्या कायद्यात आहे, ना ब्रिटनच्या, ना अमेरिकेच्या. कायदा ओळी मोजत बसत नाही, त्या ओळी तुमच्या लिखाणात काय काम करतात ते बघतो. शिवाय गाणं मुळात आखूड असतं. ३०० पानांच्या कादंबरीतून दोन वाक्यं घेणं म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी. बारा ओळींच्या गाण्यातून दोन ओळी घेणं म्हणजे सहावा हिस्सा. त्यातही आपण उचलतो ते ध्रुवपद, म्हणजे ज्याच्यासाठी लोकांना गाणं आठवतं नेमका तो भाग. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हार्पर अँड रो विरुद्ध नेशन या खटल्यात दोन लाख शब्दांच्या हस्तलिखितातले जेमतेम ३०० ते ४०० शब्द घेणंही बेकायदा ठरवलं, कारण घेतलेला भाग त्या पुस्तकाचा गाभा होता. गाण्यात तर गाभा दोन ओळींतच मावतो.

श्रेय दिल्याने परवानगीची गरज संपत नाही. श्रेय न देणं हा वेगळा दोष आहे, आणि परवानगी न घेणं हा वेगळा. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं श्रेयपानावर छापण्याचाही उपयोग शून्य. उलट गाणं दुसऱ्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं याची तुम्हीच दिलेली ती कबुली ठरते. इंटरनेटवर ते शब्द शंभर ठिकाणी असतील, तरी त्यातल्या काही साइट्स रीतसर परवाना घेऊन ते दाखवतात आणि बाकीच्या तुमच्याइतक्याच विनापरवाना असतात. ‘आमच्या पुस्तकामुळे गाण्याची जाहिरातच होईल’ हा युक्तिवाद हक्कधारकाला पटला तर तो परवानगी फुकट देईल. पण विचारायला हवं त्यालाच.

आता तीच ओळ जागा बदलली की कशी बदलते ते एका उदाहरणावरून पाहू. खऱ्या गाण्याऐवजी इथेच रचलेल्या दोन ओळी घेऊ, म्हणजे हे उत्तरच अडचणीत यायला नको:

पाऊस थांबला तरी पन्हाळीतून थेंब गळतो
गेलेल्याचा निरोप असा उशिरा कळतो

या ओळी प्रकरणाच्या माथ्यावर आल्या तर त्या सजावट आहेत. त्यांच्यावर तुम्ही काही भाष्य करत नाही. त्यांचा मूड उसना घेता. परवानगी लागते, बचाव जवळजवळ नाही.

नायिका भांडी घासताना त्याच ओळी गुणगुणते आणि तुम्ही त्या पूर्ण छापता. इथेही तेच. पात्राच्या तोंडी घातल्याने शब्दांची मालकी पात्राकडे जात नाही.

तिसरी जागा: तुम्ही गीतलेखनावर लेख लिहिता आहात आणि म्हणता की ‘गळतो’ हे आपोआप, नकळत घडणारं क्रियापद आहे, त्याला यमक म्हणून आलेलं ‘कळतो’ही तसंच, करणाऱ्याच्या हाती काही न ठेवणारं, म्हणून दोन्ही ओळींत माणूस कर्ता म्हणून कुठेच उरत नाही. हे समीक्षण झालं. ओळी समोर ठेवल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नाही, म्हणून त्या तिथे आहेत. इथे परवानगीची गरज नाही.

चौथी जागा फसवी आहे. ‘पाऊस ओसरला तरी वळचणीतून पाणी ठिबकतं, तसा गेलेल्याचा सांगावा मागाहून पोचतो.’ शब्द बदलले, पण प्रतिमा, क्रम आणि तुलना जशीच्या तशी राहिली. हे वाचवत नाही. कायद्याच्या भाषेत हे रूपांतर ठरू शकतं, आणि वाचकाच्या भाषेत मूळापेक्षा वाईट गाणं. भाषांतराचंही तसंच. दुसऱ्या भाषेतल्या गाण्याच्या ओळी स्वतः मराठीत आणल्या म्हणजे त्या आपल्या झाल्या असं नाही. भाषांतर करू देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचाच असतो.

आणि पाचवी: ‘रेडिओवर ते पन्हाळीचं गाणं लागलं. दुसरी ओळ यायच्या आत तिने आवाज बंद केला.’ एकही ओळ छापली नाही. ज्याला गाणं माहीत आहे त्याच्या कानात ते वाजलं, ज्याला माहीत नाही त्याला तिचा हात दिसला. कादंबरीत बहुतेक वेळा हीच जागा सगळ्यांत चांगली असते, आणि हे मत कायद्याबद्दल नसून गद्याबद्दल आहे. उसन्या ओळीवर भावना टाकून मोकळं होण्याची सवय संपादकाच्या नजरेतून सुटत नाही.

गाण्याचं शीर्षक, गायकाचं, गीतकाराचं, संगीतकाराचं नाव, साल, हे सगळं बिनधास्त लिहा. शीर्षकाला कॉपीराइट नसतो. मात्र ध्रुवपदाची पूर्ण ओळ हेच शीर्षक असेल तर ते एकदा शीर्षक म्हणून येणं वेगळं आणि पानभर पुन्हापुन्हा येणं वेगळं. आणि प्रसिद्ध गाण्याचं नाव थेट पुस्तकाला द्यायचं असेल तर ते कुणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आहे का तेवढं पाहून घ्या.

कायद्याचं तत्त्व सगळीकडे सारखं, पण दारं वेगवेगळ्या रुंदीची आहेत. साहित्य-कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचं १०वं कलम म्हणतं की रीतसर प्रकाशित कृतीतून अवतरण घेता येतं, पण ते उचित रीतीला धरून आणि हेतूला लागेल तेवढंच असावं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये उचित वापराची सूट मोजक्या हेतूंनाच आहे: खासगी वापर व संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. कादंबरीला भावपूर्ण करणं हा हेतू या यादीत बसत नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून समीक्षेखेरीज सर्वसाधारण अवतरणालाही सूट मिळाली. अटी अशा की कृती आधी लोकांपुढे आलेली असावी, वापर उचित असावा, गरजेपेक्षा जास्त घेऊ नये, श्रेय द्यावं. अमेरिकेत यादी नाही. तिथे चार कसोट्या लावतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती आणि कोणता भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. चौथीकडे लक्ष द्या. गाण्याचे शब्द छापायला परवाने देण्याचा व्यवसाय अस्तित्वात आहे, म्हणजे तुम्ही न विचारता छापलंत तर हक्कधारक ‘माझा परवाना बुडाला’ असं दाखवू शकतो.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१२ चा इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स हा निकाल यावर बऱ्याचदा पुढे केला जातो. जाहिरातीत आलेले गाण्याचे पाच शब्द न्यायालयाने तिथे क्षुल्लक म्हणून सोडून दिले. पण त्यासाठी हानी किती, हेतू काय, अशा पाच बाबी तपासल्या. ‘पाच शब्द मोफत’ असा नियम त्यातून निघत नाही, आणि सबंध ध्रुवपद पाच शब्दांत क्वचितच बसतं.

समीक्षेच्या सुटीचाही लोक हात सैल सोडून वापर करतात. गीतकारावरच्या पुस्तकात एकेक गाणं पूर्ण छापायचं आणि खाली ‘किती हृद्य!’ अशा दोन ओळी लिहायच्या, हे गीतसंग्रह काढणं झालं. कसोटी सोपी आहे: अवतरण झाकून भाष्य वाचा. भाष्य कोसळलं तर अवतरण गरजेचं होतं. भाष्याला काहीच झालं नाही तर ती सजावट होती. प्रबंधाबाबत एक खाचखळगा: विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधाला खासगी संशोधनाची सूट सांगता येते, पण त्याचंच पुस्तक बाजारात आलं की ती गळून पडते आणि फक्त समीक्षेची उरते. म्हणजे परिशिष्टात दिलेली पूर्ण गाणी पुस्तकात नेता येत नाहीत. तसंच, प्रकाशित काव्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचून दाखवायला भारतात सूट आहे; ती अभिवाचनाची आहे, छपाईची नव्हे.

मोडलं तर काय? भारतात कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात पुस्तकांच्या बाबतीत भीती असते ती मनाई हुकुमाची: विक्री थांबते, छापलेले गठ्ठे गोदामात अडकतात. अमेरिकेत नुकसान सिद्ध न करताही, नोंदणी वेळेत झाली असेल तर, प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला दीड लाखापर्यंत भरपाई मागता येते. ‘प्रत्येक कृतीमागे’ म्हणजे नऊ गाणी असतील तर नऊ वेळा. आणि लेखक-प्रकाशक करारात ‘मजकुरामुळे कुणाचा हक्कभंग होत नाही, झाल्यास खर्चाची जबाबदारी लेखकाची’ असं कलम बहुधा असतंच. सही करण्याआधी ते वाचा. प्रकाशक परवानग्या तुमच्याकडे मागतो ते या कलमामुळे.

गाणं कॉपीराइटमधून मोकळं झालंय का, हे आधी बघा

गाणं हा एक ऐवज नाही. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. पुस्तकात शब्द छापताना फक्त पहिल्याशी काम असतं. म्हणून ‘रेकॉर्ड ६० वर्षांपेक्षा जुनी आहे’ हे गणित चुकीचं. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं आहेत, पण शब्दांना गीतकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले. १ जानेवारी १९७८ पासून मोजले की त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले शब्द ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत हक्कात आहेत, गाणं १९५० चं असो की १९७० चं.

मरणोत्तर प्रकाशन झालं असेल तर मोजणी प्रकाशनापासून. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला. मृत्यूवरून मोजलं तर २०११ अखेर येतं, प्रकाशनावरून २०१२ अखेर. बरोबर उत्तर दुसरं. एका वर्षाचा फरक आज निरुपयोगी वाटेल, पण वारसांनी उशिरा काढलेल्या संग्रहात तो वीस-तीस वर्षांचा होतो. दोन गीतकार असतील तर शेवटी गेलेल्यावरून मोजा. आणि जुनी पुस्तकं बघून गणित करू नका: १९९२ पर्यंत भारतात ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क १९९१ अखेर संपत होते, तेव्हा ती ६० करण्यात आली.

युरोप आणि ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या आणि हक्क टिकून असलेल्या कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणून १९२९ मध्ये प्रकाशित झालेल्या गाण्यांचे शब्द तिथे १ जानेवारी २०२५ ला मोकळे झाले. हे कशाला माहीत असावं? कारण ई-पुस्तक एका बटणावर जगभर विक्रीला जातं. भारतात मोकळा झालेला १९५२ चा संग्रह अमेरिकेत २०४७ अखेरपर्यंत हक्कात असू शकतो. विक्रीचा प्रदेश मर्यादित ठेवणं हा यावरचा साधा इलाज आहे.

संतांचे अभंग, ओव्या, पारंपरिक गाणी मोकळी आहेत. फक्त दोन गोष्टी तपासा: जे ‘पारंपरिक’ म्हणून ऐकलंय ते खरंच पारंपरिक आहे की विसाव्या शतकातल्या कुणी त्या घाटात लिहिलेलं आहे; आणि तुम्ही घेतलेला पाठ आधुनिक संपादकाने भर घालून केलेला तर नाही ना.

कुणाला विचारायचं

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. गायकाला विचारून उपयोग नाही, त्याच्याकडे शब्दांचा हक्क क्वचितच असतो. गाण्यांच्या अॅपवर दिसणारा आयएसआरसी क्रमांक ध्वनिमुद्रणाचा. शब्द-सुरांच्या कृतीचा क्रमांक आयएसडब्ल्यूसी, तो ‘टी’ अक्षराने सुरू होतो. हक्कधारक शोधायचा तर आयएसडब्ल्यूसी शोधा. अमेरिकी गाण्यांसाठी आस्कॅप आणि बीएमआय या तिथल्या हक्कसंस्थांच्या नोंदींत गीतकार आणि म्युझिक पब्लिशर (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) दोघांची नावं मिळतात. भारतात १९६९ पासून असलेली आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार व म्युझिक पब्लिशर यांची संस्था आहे. तिचा कार्यक्रमासाठीचा परवाना पुस्तकाला चालत नाही, पण हक्क कोणाकडे आहेत याचा माग तिच्याकडून काढता येतो.

चित्रपटगीतांत एक गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालानुसार, चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. निर्मात्याने ते हक्क बहुधा संगीत कंपनीला दिलेले असतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना पुढच्या वापराच्या मोबदल्यातला वाटा राखून दिला, पण परवानगीचं पत्र द्यायचं ते अजूनही बहुतेक वेळा कंपनीच. भावगीताचं उलट असू शकतं. कविता आधी संग्रहात आली, मग तिला चाल लागली, तर कंपनीकडे ध्वनिमुद्रणापुरतीच परवानगी असेल आणि छापण्याचा हक्क कवी, त्याचे वारस किंवा संग्रहाचा प्रकाशक यांच्याकडे. म्हणून संग्रहाचं श्रेयपान आधी उघडा. तिथे शब्दांचा खरा पाठही मिळतो. ऐकून उतरवलेल्या किंवा साइटवरून चिकटवलेल्या ओळींत एखादा शब्द हमखास चुकतो, आणि कलम ५७ प्रमाणे आपल्या रचनेची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कवीला हक्क विकल्यावरही उरतो.

वारस अनेक असतील तर सगळ्यांची संमती हवी, किंवा बाकीच्यांनी एकाला दिलेलं अधिकारपत्र. परदेशी गाण्यात चार गीतकार आणि तीन पब्लिशर असणं नेहमीचं. ५०, ३० आणि २० टक्के असे वाटे असले तर २० टक्केवाल्याचा नकारही पुरेसा असतो. आणि समोरच्याकडे खरंच हक्क आहे का? इंग्रजीतल्या सर्वांत प्रसिद्ध वाढदिवसाच्या गाण्यासाठी एका बड्या पब्लिशरने वर्षानुवर्षं पैसे घेतले. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांचा शब्दांवरचा दावा टिकत नसल्याचं ठरवलं आणि २०१६ मध्ये १४ दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली. म्हणून परवानगीपत्रात ‘हा हक्क देण्याचा अधिकार आमच्याकडे आहे’ हे वाक्य मागून घ्या.

विचारणा मोघम केली की उत्तर येत नाही, किंवा पुन्हा दहा प्रश्न येतात. पत्र असं असावं:

विषय: ‘…’ या गीताच्या दोन ओळी पुस्तकात छापण्यासाठी परवानगी
गीतकार: … संगीतकार: … आयएसडब्ल्यूसी: …
हव्या असलेल्या ओळी, जशा छापायच्या तशा: …
पुस्तक: ‘…’, कादंबरी, मराठी, अंदाजे २८० पाने. प्रकाशक: … प्रकाशन: महिना, वर्ष.
ओळींचं स्थान: प्रकरण ४ चा आरंभ. संबंधित पान सोबत जोडले आहे.
स्वरूप: छापील (पहिली आवृत्ती … प्रती, अंदाजे किंमत …) आणि ई-पुस्तक.
प्रदेश: … मुदत: … अनन्य हक्क नको.
श्रेय कोणत्या शब्दांत द्यावे ते कळवावे.
या गीताचे हक्क अंशतः अन्य कुणाकडे असल्यास कृपया त्यांचे नाव द्यावे.

जोडलेलं पान महत्त्वाचं. ओळी कुठे वापरणार हे बघितल्याशिवाय बरेच हक्कधारक हो म्हणत नाहीत. हिंसेच्या किंवा प्रचाराच्या प्रसंगात आपलं गाणं नको असं त्यांना वाटू शकतं, आणि नकाराचं कारण द्यायला ते बांधील नसतात. शेवटची ओळही विसरू नका. वाटा थोडाच असताना पूर्ण परवानगी दिल्यासारखं उत्तर येतं आणि उरलेले हक्कधारक पुस्तक बाजारात आल्यावर उगवतात.

उत्तर आलं की फीच्या आकड्याआधी मर्यादा वाचा. छापील परवानगी बहुधा ठरावीक प्रतींसाठी असते. १००० प्रतींची असेल तर १००१वी प्रत विनापरवाना. पुनर्मुद्रणाच्या वेळी हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून करारातला आकडा प्रकाशकाच्या आवृत्तीच्या नोंदीतच लिहून ठेवायला लावा. ई-पुस्तकाला प्रती नसतात, तिथे मुदत किंवा डाउनलोडची संख्या असते. भारतीय कायद्यात एक आडवळणाची तरतूद आहे: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. या तरतुदी हक्क-हस्तांतराच्या कलमातल्या आहेत, पण परवान्यांनाही लागू होतात. परवानगी आधी आणि पुस्तक दीड वर्षाने, असं झालं तर हे आठवा. परवाना लेखी हवा. फोनवरचं ‘अहो, वापरा की’ हे सौजन्य झालं.

परदेशी पब्लिशरच्या करारात ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ नावाचं कलम सापडेल. अर्थ असा: याच पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्या गाण्याला किंवा वाट्याला जास्त दर दिला तर यांनाही तोच द्यावा लागेल. नऊ गाण्यांपैकी आठ स्वस्तात ठरली आणि नववं महाग निघालं, तर आठही महाग होतात. त्यामुळे सगळे दर हातात आल्याशिवाय एकावरही सही करू नका, आणि सगळ्यांत महाग गाणं ठेवायचं की नाही ते आधी ठरवा.

पुस्तकासाठीची परवानगी मलपृष्ठ, बुकमार्क, पुस्तकाची चित्रफीत, समाजमाध्यमावरचं पोस्टर किंवा मासिकात दिलेला उतारा यांना लागू होत नाही. भाषांतरित आवृत्तीलाही नाही. ऑडिओ पुस्तक वेगळं मागावं लागतं, आणि तिथे निवेदकाने ओळ वाचली तर शब्दांचाच प्रश्न, पण चालीत गायली तर संगीतकाराचा हक्कही मध्ये येतो. निवेदकाला तसं लिहून द्या. चांगला निवेदक गाण्याची ओळ दिसली की गाणारच.

हक्कधारक सापडलाच नाही तर? भारतात कलम ३१-अ खाली, मालक अज्ञात किंवा बेपत्ता असल्यास, जाहिरात देऊन सक्तीचा परवाना मागता येतो. वाट आहे, पण दोन ओळींसाठी ती चालणं म्हणजे चिमणीसाठी तोफ डागणं. पत्राला उत्तर नाही म्हणजे संमती, असं मात्र कुठेच धरलं जात नाही. पाठवलेल्या पत्रांच्या तारखा जपून ठेवा. त्यातून हेतू दिसतो, हक्क मिळत नाही.

नको तितका खर्च किंवा नकार आला तर पर्याय बरेच आहेत. प्रकरणांच्या माथ्यावर कॉपीराइटमुक्त ओवी किंवा अभंग. किंवा कादंबरीतल्या काल्पनिक गायकासाठी स्वतः लिहिलेलं गाणं, मात्र ओळखीच्या गाण्याच्या वळणावर नको. किंवा एखाद्या गीतकाराकडून चार ओळी लिहून घेऊन त्यांच्या हक्काचा लेखी करार. किंवा वर दाखवलं तसं गाण्याचं नाव घेऊन बाकी वर्णनावर सोपवणं.

वेळेचा हिशेब शेवटाकडून करा. अक्षरजुळणीला हस्तलिखित जाण्याच्या आधी किमान सहा महिने पत्रं सुटली पाहिजेत. परदेशी पब्लिशरकडे त्याहून आधी. १४ जागांचा एक तक्ता करा: पान, ओळी, हक्कधारक, वाटा, पत्राची तारीख, उत्तर, प्रतींची मर्यादा, मुदत. एक तारीख ठरवा, आणि त्या दिवशी ज्या रकान्यात लेखी होकार नाही त्या ओळी निघतील हे प्रकाशकाशी आधीच बोलून ठेवा. प्रत्येक जागेसाठी बदली वाक्य आत्ताच लिहा, साधारण तेवढ्याच लांबीचं, आणि मजकुरातलं अवतरण स्वतंत्र परिच्छेदात ठेवा. शेवटच्या प्रुफात दोन ओळी काढाव्या लागल्या तर तेवढा परिच्छेद बदलतो, पुढची पानं सरकत नाहीत.